डब्यावरची नदी

गेल्या मे महिन्यात माझ्या आठ वर्षांच्या भाचीने माळ्यावरून पितळेचा एक डबा खाली काढायला लावला. काळा पडलेला, झाकण घट्ट बसलेलं. चिंचेने घासला तशी पोटावर छिन्नीने ठोकलेली अक्षरं उजळली: ‘चि. सौ. कां.’, पुढे एका नदीचं नाव, मग ‘हीस मामाकडून’ आणि शेवटी १९४२. भाचीने अक्षरांवरून बोट फिरवत ते वाचलं आणि विचारलं, ‘‘मावशी, ही कोण गं?’’

मला सांगता येईना. नदीच्या नावाची बाई आमच्या घरात कधी नव्हतीच. शेवटी आईला, म्हणजे भाचीच्या आजीला, हाक मारली. आईने चष्मा लावला, डबा मांडीवर घेतला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. ते तिच्या आईचं माहेरचं नाव होतं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने दुसरं नाव लिहिलं गेलं आणि मग रेशनकार्डापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत तेच चाललं. आईला पहिलं नाव ठाऊक होतं. आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

त्याच घरात, त्याच माळ्याखालच्या कपाटात, आमच्या घराण्याची वंशावळ आहे. मूळ पुरुषापासून खाली फांद्या फुटत गेलेल्या, प्रत्येक फांदीवर मुलगा, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा. आजी, पणजी, खापरपणजी कुठेच नाहीत. लहानपणी ते झाड मी किती कौतुकाने पाहिलं असेल! त्यात अर्धी माणसं नाहीत, हे मला त्या डब्यापर्यंत जाणवलं नव्हतं.

पूर्वजांची नावं जपण्याची आपल्याकडची हौस मात्र थक्क करणारी आहे. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे जाऊन आडनाव आणि गाव सांगितलं, की लांबट वही उघडते आणि पणजोबा कधी, कोणाला घेऊन आले होते ते सापडतं, कधी कधी त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांत आणि सीमेपलीकडे कर्नाटकात हेळवी येतात. घराण्याच्या पिढ्या पोथ्यांत जपायच्या, दारात उभं राहून वाचून दाखवायच्या, नव्या जन्मांची नोंद करायची आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचं, हे त्यांचं पिढीजात काम. तंजावरच्या सरफोजीराजांनी तर १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. कागद, पोथी, दगड, सगळं झालं. पण या सगळ्यांतून वंश चालतो तो बापाकडून मुलाकडे. बायकांची नावं आलीच तर बहुधा सासरची.

आणि आता मला सगळ्यात नवल वाटतं ती गोष्ट. वहीने जे टाकून दिलं ते शरीराने ठेवलं आहे.

आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणारे बारीक कण असतात, मायटोकाँड्रिया. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा एक छोटासा गोल. तो आपल्याला फक्त आईकडून मिळतो. तिला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. हजारो वर्षांत त्यात एखाद-दुसरं अक्षर बदलतं, बाकी मजकूर तोच. म्हणजे ज्या पणजीचं नाव घरात कोणी घेत नव्हतं, तिचा हा मजकूर माझ्या भाचीच्या बोटांत होता, आणि त्याच बोटांनी ती डब्यावरची अक्षरं चाचपत होती.

याहून जवळची एक गोष्ट मी भाचीला सांगितली. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हाच तिच्या बीजकोशांत साठ-सत्तर लाख बीजं तयार झालेली असतात. जन्मापर्यंत त्यांतली दहा-वीस लाख उरतात, नवी होत नाहीत. म्हणजे माझी बहीण आईच्या पोटात होती तेव्हाच, ज्यातून पुढे ही भाची जन्मली ते बीज बहिणीच्या चिमुकल्या देहात होतं. भाची क्षणभर गप्प झाली. मग आजीकडे वळून म्हणाली, ‘‘म्हणजे मी तुझ्या पण पोटात होते?’’ आई काही बोलली नाही, नुसती तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

मुलांना घराण्याचा इतिहास सांगायचा म्हणजे ‘आपण कोण होतो’ याच्या बढाया सांगायच्या, असा अनेकांचा समज असतो. मला तो मुळीच पटत नाही. साधा हिशेब करून पाहा. आईवडील दोन, आजीआजोबा चार, पणजीपणजोबा आठ. दहा पिढ्या मागे १,०२४. वीस पिढ्यांवर दहा लाखांच्या पुढे. तीस पिढ्या मागे, म्हणजे ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या १२९० च्या आसपास, आकडा होतो १०७ कोटी. त्या वेळी सगळ्या पृथ्वीवरच माणसं होती चाळीस कोटींच्या आसपास! मग उरलेले आणायचे कुठून? कुठूनच नाही. तीच ती माणसं वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा आपले पूर्वज होतात. मागे जाऊ तसं झाड रुंदावत राहत नाही, त्याच्या फांद्या एकमेकींत गुंततात, आणि शेजारच्या घराच्या फांद्याही त्यातच येऊन मिळतात. भाचीने हे वहीत काढायला घेतलं, सहाव्या पिढीला पान संपलं.

काळ किती जवळ आहे हे मुलांना कळतं ते हातांनी. माझी आई १९५० ची. ती आठ वर्षांची असताना अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीचा हात धरून देवळात जायची. ती आजी १८८० ची. त्या आजीनेही आठव्या वर्षी तेवढ्याच वयाच्या आपल्या आजीचा हात धरला असेल असं समजू. ती झाली १८१० ची. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा ती बरोबर आठ वर्षांची. भाचीच्या हातापासून मोजले तर मध्ये फक्त तीन हात. इतिहासाच्या पुस्तकात पेशवाई फार लांब वाटते. ती आजीच्या आजीच्या आजीइतकी जवळ आहे.

जुन्या माणसांना मात्र साल विचारू नये. ती साल सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. ‘पानशेत फुटलं तेव्हा मी पाचवीत’, ‘कोयनेच्या भूकंपानंतर दोन महिन्यांनी थोरला झाला’, ‘दुष्काळात आम्ही गाव सोडलं’. पानशेत १९६१ चं, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, दुष्काळ बहुतेक वेळा १९७२ चा. मुलांना हे कोडं सोडवायला फार आवडतं. शाळेच्या दाखल्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. त्या पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी तीच लिहीत. जन्माची खरी खूण हवी तर तहसील कचेरीत जपलेलं कोतवाल बुक पाहावं, म्हणजे गावचं जन्ममृत्यूचं रजिस्टर. जुनी पानं मोडी लिपीत असतात. बोरू न उचलता लिहिलेली ती अक्षरं पहिल्यांदा पाहिली की मुंग्यांची रांग वाटते.

आणि नावं नीट ऐकावीत. घराण्यात कोणी धोंडू किंवा दगडू असेल, तर त्याच्या आधी झालेली मुलं जगली नसण्याचा संभव मोठा; याला तरी दृष्ट लागू नये म्हणून दगडाचं नाव. नकुशी असेल तर आणखी थांबावं. मुलगी नको होती हे तिला जन्मभर हाकेतून ऐकावं लागलं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावं समारंभाने बदलली गेली. ही दुःखंही मुलांना सांगावीत असं माझं मत आहे, त्यांना झेपतील अशा शब्दांत. ती आठ वर्षांच्या मुलीलाही नीट समजतात, हे मी पाहिलं आहे.

भाचीने शेवटी आपलं वेगळंच झाड काढलं. खाली स्वतःचं नाव, वर आई, त्यावर आजी, त्यावर डब्यावरची नदी, निळ्या खडूने. नदीच्या वर एक गोल रिकामा ठेवला आणि आजीला विचारलं, ‘‘हिच्या आईचं नाव काय?’’

आईला आठवेना. ‘‘आम्ही सगळी तिला मोठी आईच म्हणायचो गं.’’ मग तिने माहेरगावी मामेबहिणीला फोन लावला. ऐंशीच्या पुढची बाई ती. तिलाही आठवेना. दोघी अर्धा तास भलत्याच गोष्टी बोलत राहिल्या. विहीर, आंब्याचं झाड, कुणाचं तरी पळून जाऊन केलेलं लग्न. भाची शेजारी खडू घेऊन बसलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. मामेबहिणीने नातवाला माळ्यावर चढवलं होतं आणि एक घंगाळ खाली काढलं होतं. ‘‘घासायला बसलोय,’’ ती म्हणाली, ‘‘काहीतरी लिहिलेलं आहे. फोन ठेवू नका.’’