महिना एक रुपया

निलंबित कर्मचाऱ्याला सरकार दरमहा पैसे देतं, हे पहिल्यांदा ऐकणारा बहुधा चिडतोच. घरी बसून पगार? मलाही तसंच वाटायचं. मग या निर्वाह भत्त्यावरचे काही निवाडे वाचले आणि थक्क झालो.

घटनेचं कलम 310 म्हणतं, सरकारी नोकर राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या मर्जी असेतोवरच पदावर राहतो. ही मर्जी इंग्रजी राजवटीचा वारसा. पण लगेच पुढचं कलम 311 तिला वेसण घालतं: नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करायचं नाही, आणि मोजके अपवाद सोडले तर आरोप कळवून, बाजू मांडायची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याखेरीज कोणीच करायचं नाही. म्हणून तर विभागीय चौकशीच्या दोषारोपपत्राला चार जोडपत्रं असतात. आरोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. आपल्याविरुद्ध कोण बोलणार आहे, हे आधी कळलं तरच उलटतपासणीला अर्थ.

पण चौकशीच्या जागी पोचायचं कसं?

मध्य प्रदेशातल्या एका निलंबित वनक्षेत्रपालाची चौकशी जगदलपूरला लागली. तो राहत होता सुमारे 500 किलोमीटर दूर. निर्वाह भत्ता मिळालेला नव्हता, जायला पैसे नव्हते. तो गेला नाही. चौकशी त्याच्या गैरहजेरीत उरकली आणि नोकरी गेली. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. नोटीस दिली होती, तारीखही कळवली होती. तरीही त्याला संधी मिळाली असं म्हणता येईना, कारण गाडीभाडंच नव्हतं! कायद्याच्या एवढ्या मोठ्या तत्त्वाने एका माणसाच्या रिकाम्या खिशात डोकावून पाहावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

निलंबन ही शिक्षा नाही, असं नियम सांगतात. निलंबित माणूस सरकारी नोकरच राहतो, म्हणून त्याला दुसरीकडे कमावता येत नाही. भत्ता मिळवायला तसा दाखलाही द्यावा लागतो. सरकारने दुसरी वाट बंद केली आहे, तर घर चालवण्यापुरतं सरकारनेच द्यायला हवं.

आपल्या मुंबई नागरी सेवा नियमांत मात्र एक तरतूद होती: फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलं की, अपील चालू असलं तरी, निर्वाह भत्ता महिन्याला एक रुपया. वर्षाचे बारा रुपये. त्यात तांदूळ, मुलांची फी, वकील, कोर्टाच्या फेऱ्या. अपिलात तो निर्दोष सुटला तर मधल्या काळात त्याचं घर काय खाऊन जगलं असेल? सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये महाराष्ट्र सरकारविरुद्धच्या खटल्यात ही तरतूद रद्दबातल ठरवली. अपिलाचा निकाल लागेपर्यंत निर्वाह भत्ता नेहमीच्या दरानेच द्यायचा, असं ठरलं.