वास पट्ट्याचा, दोष पुलीचा

ब्रेकचा विषय आज घ्यायचा होता, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. कारण कऱ्हाडहून रात्री भाजी भरून वाशीला जाणाऱ्या एका वाचकांचं पत्र. घाटातल्या क्लचच्या वासाबद्दल गेल्या खेपेला लिहिलं ते त्यांना पटलं, पण त्यांच्या पिकअपला जळक्या रबराचा वास येतो तो सपाटीवर, गाडी सुरू केल्या केल्या, आणि एसी लावला की वाढतो. मेकॅनिकने फॅन बेल्ट बदलला, वास गेला. थोड्या दिवसांनी परत आला, परत बेल्ट बदलला. आता ‘हल्ली मालच असला येतो’ असं उत्तर मिळतंय. माल कधी वाईट निघतो, नाही असं नाही. पण लागोपाठ पट्टे जळत असतील तर पट्ट्यावर आळ घेण्यात अर्थ नाही. पट्टा आपण होऊन जळत नाही, त्याला काहीतरी घासवतं.

इंजिनाच्या क्रँकवरची पुली पट्टा ओढते आणि तो पट्टा डायनामो, पाण्याचा पंप, पॉवर स्टिअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर यांतलं जे गाडीत असेल ते फिरवतो. काही गाड्यांत एकच पट्टा, काहींत दोन. पट्टा आणि पुली बरोबरीने फिरतात तोवर वास यायचं कारणच नाही. एखादी पुली जड झाली किंवा पट्ट्याचा ताण कमी पडला की पट्टा पुलीवरून घसरतो, रबर तापतं, आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत होते आणि मग जास्तच घसरते. म्हणून वास कसला यापेक्षा तो कधी येतो हे विचारावं. सेल्फ मारून बॅटरीतला करंट खर्च झालेला असतो, तो भरून काढताना डायनामो जड जातो. तेव्हाच वास येत असेल तर रोख डायनामोकडे. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आला तर त्या पंपाकडे. एसीचं गणित जरा फसवं आहे. बटण बंद असलं तरी कॉम्प्रेसरची पुली आपल्या बेअरिंगवर फिरतच असते, बटण फक्त तिचा क्लच जोडतं. त्यामुळे एसी बंद ठेवूनही वास आला, म्हणून कॉम्प्रेसर निर्दोष सुटत नाही. पत्रातल्या गाडीत वास सुरुवातीलाही येतो आणि एसीवरही. दोन वेगळी ओझी, तक्रार एकच. एकाच वेळी दोन्ही यंत्रं बिघडण्यापेक्षा दोघांना सामाईक असलेलं काही बिघडलं असण्याचा संभव जास्त: पट्टा ताणून धरणारा टेन्शनर थकलेला, नाहीतर पट्ट्यावर झिरपणारं ऑइल किंवा कूलंट.

हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. इंजिन थंड, चावी काढलेली, पट्टा उतरवलेला. आता एकेक पुली हाताने फिरवायची आणि पुढे-मागे हलवून पाहायची. यात आयडलर, म्हणजे पट्ट्याला नुसती वाट देणारी पुली, लोकांना हमखास चकवतो. टिचकी मारल्यावर जो भिरभिर फिरत राहतो तो चांगला, असं वाटतं. खरं उलट आहे. बेअरिंगमध्ये ग्रीस असेल तर तो जरा जड फिरतो आणि लवकर थांबतो. कोरडा खरखर आवाज करत फिरत राहिला तर ग्रीस संपलेलं आहे. पुलीच्या आसपास काळी भुकटी साचली असेल तर पट्टा तिथेच झिजतोय. जुन्या पट्ट्याला भेगा नाहीत म्हणून तो ठीक, हाही समज सोडावा. हल्लीचे ईपीडीएम रबराचे पट्टे जुन्या निओप्रिनसारखे लवकर तडकत नाहीत, त्यांच्या खाचा आतून झिजतात. वरून पट्टा नवा दिसतो आणि पकड गेलेली असते.

‘थोडा ताणून घ्या, जाईल वास,’ हा सल्ला सर्रास मिळतो, आणि वास जातोही. पण जास्त ताणलेला पट्टा डायनामोचं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग खातो. पट्ट्याचं दुखणं तुम्ही पुढे ढकललंत, तेही महागात. पट्ट्यावर स्प्रे मारणं तर निव्वळ लपवाछपवी. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पट्टा स्वस्त, टेन्शनर महाग, मग पट्टेच बदलत राहिलं तर बिघडलं काय? बिघडतं ते रस्त्यात. ज्या इंजिनात तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो, तिथे तो तुटला की चार्जिंगचा लाल दिवा लागतो आणि पाठोपाठ हीटचा काटा चढतो. तशीच गाडी दामटली तर हेड गॅस्केटचं बिल येतं. पुढे टेन्शनरच्या किमतीबद्दल कोणी बोलत नाही.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. वास बोनेटखालूनच येतो असं धरून चालू नये. सायलेन्सरला चिकटलेली प्लास्टिकची पिशवी, त्याला टेकलेला मडफ्लॅप, किंवा जास्त माल भरल्याने पाटे बसून बॉडीला घासणारा टायर, या तिन्हींचा वास तसाच. म्हणून बोनेट उघडण्याआधी वाकून खाली बघा. आणि वास तिखट, वायर जळल्यासारखा असेल तर तपास वगैरे राहू द्या, इंजिन बंद करा, बाजूला व्हा आणि सुरक्षित असेल तरच बॅटरीची तार काढा.

कऱ्हाडच्या वाचकांनी पुढचा पट्टा घेण्याआधी टेन्शनर आणि पट्ट्यावरचं तेल तपासून घ्यावं. बाकीच्यांनी वासाबद्दल लिहिताना गाडी भरलेली होती की रिकामी, एसी चालू होता का, आणि वास सुरू करताना आला की चालताना, एवढं जरूर कळवावं. ब्रेक पुढच्या आठवड्यात, नक्की.