शर्यतीची गाडी आणि अलिबागची पुळण

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सेवा २०२० साली सुरू झाली आणि मुंबईची मोटार तासाभरात अलिबाग तालुक्यात उतरू लागली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, तेव्हा खुष्कीच्या मार्गाचा वळसाही कमी झाला. शनिवार-रविवारी मांडवा ते रेवदंडा पट्ट्यात दिसणाऱ्या गाड्यांमध्ये हौसेने फेरफार केलेल्या गाड्याही असतात: स्प्रिंगा कापून खाली बसवलेल्या, सायलेन्सर बदललेल्या, मागे पंखा लावलेल्या. ओहोटीच्या वेळी त्यांतली एखादी पुळणीवर उतरते, वाळूत रुतते आणि मग ट्रॅक्टर शोधावा लागतो. या प्रकाराला कोणी ‘रेसिंग’ म्हणतो, कोणी मस्ती. त्यावर नुसती बंदी घालून किंवा कौतुक करून काही हाती लागत नाही, असे या लेखाचे म्हणणे आहे. हौशी मोटार-शर्यत हा आधी जागेचा प्रश्न आहे, मग नियमांचा आणि सर्वांत शेवटी इंजिनाचा. गंमत म्हणजे हे समजून घ्यायला अलिबागसारखे दुसरे गाव नाही, कारण शर्यतीला जागा आणि नियम मिळाले की काय होते आणि न मिळाले की काय होते, हे या किनाऱ्याने बैलगाड्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

आधी गाडी पाहू. बंदिस्त ट्रॅकवर पळवायची गाडी तयार करणारा जाणता मेकॅनिक पहिला पैसा ब्रेकवर खर्च करतो. बाराशे किलोची गाडी ताशी १४४ किलोमीटरने येते आणि वळणापूर्वी तिला निम्म्या वेगावर आणायचे असते. त्या काही सेकंदांत सुमारे ७२० किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन मुख्यत्वे ब्रेकच्या चकत्यांमधून बाहेर पडावी लागते आणि प्रत्येक फेरीत हे अनेकदा घडते. घराजवळच्या गॅरेजमध्ये मिळणाऱ्या डॉट-४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पण हे द्रव हवेतली ओल शोषते आणि ओलसर झाल्यावर ती हमी १५५ अंशांवर येते. कोकणातल्या दमट हवेत वर्षभर न बदललेले ऑइल घेऊन ट्रॅकवर गेलेल्या चालकाचा पाय तिसऱ्या-चौथ्या फेरीत पोकळ पेडलवर पडू शकतो. म्हणून क्रम असा लागतो: ब्रेक, टायर, इंजिन आणि ऑइल थंड ठेवण्याची सोय, बादलीसारखी घट्ट सीट, अनेक पट्ट्यांचा हार्नेस, छत कोसळू न देणारा पोलादी रोल-केज, आग विझवण्याची यंत्रणा. अश्वशक्ती वाढवण्याची पाळी त्यानंतर. रस्त्यावरच्या फेरफाराचा क्रम नेमका उलटा असतो. आधी आवाज, मग वेग, आणि ब्रेक जमलेच तर. शिवाय नीट बांधलेली ट्रॅकची गाडी रस्त्यावर निकामीच ठरते. तिचे ब्रेक-पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत, बिनखाचांचे टायर पावसात घसरतात, ताठ सस्पेन्शन पहिल्याच खड्ड्यात चालकाचे मणके मोजते. ट्रॅक उपलब्ध झाले की पोरे तोच वेग रस्त्यावर आणतील, या आक्षेपाचे उत्तर बऱ्याच अंशी या यंत्ररचनेतच आहे. चालकाची सवय मात्र यंत्रासारखी दोन ठिकाणी वेगळी राहीलच असे नाही, हे मान्य केले पाहिजे. म्हणून शर्यतीचा वेगळा परवाना लागतो.

कायदाही याच दिशेने बोट दाखवतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावली तर कलम १८९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा सापडल्यास वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. म्हणजे प्रामाणिक हौशी चालकापुढे एकच वाट उरते: शर्यतीची गाडी ट्रेलरवर चढवून बंदिस्त ट्रॅकपर्यंत न्यायची. आणि राष्ट्रीय पातळीच्या शर्यती आजवर ज्या ट्रॅकवर होत आल्या आहेत, ते चेन्नईजवळ, कोइम्बतूरजवळ आणि ग्रेटर नोएडाला. फोक्सवागनच्या पोलो गाड्यांची शर्यत-मालिका २०१० पासून भारतात झाली. ती गाडी तयार होत होती आपल्या चाकणला, आणि स्पर्धेत उतरायला तिला हजार-हजार किलोमीटर जावे लागत होते. मोटारी बनवणाऱ्या राज्याला त्या पळवायला परराज्यात जावे लागावे, ही नुसती गैरसोय नाही. ज्याला ट्रेलर, डिझेल आणि आठवड्याची रजा परवडते तोच ‘हौशी’ उरतो.

यावर हमखास आक्षेप येतो की हा श्रीमंतांचाच खेळ, सरकारने किंवा समाजाने त्यासाठी जमीन का द्यावी? इतिहास इतका सरळ नाही. चेन्नईची शर्यत शोलावरम इथल्या महायुद्धकालीन धावपट्टीवर १९५०च्या दशकात सुरू झाली. पुढे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक बांधला आणि तो १९९० साली वापरात आला. क्लबचा ट्रॅक, म्हणून सभासदांच्या कुवतीचा. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८८च्या सुमारास मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन बसवून एकआसनी शर्यतीची गाडी घडवली. ज्या इंजिनावर तेव्हा निम्मा मध्यमवर्ग ऑफिसला जात होता, त्याच इंजिनावर एक पिढी शर्यत शिकली. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याची सुरुवातही अशाच गाडीतून झाली. आपल्याकडे कोल्हापूरने गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर हेच छोट्या प्रमाणात करून दाखवले. तिथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. उलट बाजूचे उदाहरण ग्रेटर नोएडाचे. पाच किलोमीटरहून लांब, जागतिक दर्जाचा बुद्ध सर्किट, २०११ ते २०१३ अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती, आणि मग करांच्या वादात तो कार्यक्रमच बंद. खेळ महागडा ठरतो तो दिखाऊ सर्किटमुळे. दोन-अडीच किलोमीटरचा, क्लबने चालवलेला ट्रॅक वेगळ्या जातीचा असतो.

मग अलिबागचीच पुळण का नको? ओहोटीला इथली काळपट वाळू घट्ट बसते, कुलाबा किल्ल्यापर्यंत टांगे जातात, नागाव-वरसोलीच्या किनाऱ्यांवर बैलगाड्या पळतात. प्रश्न रास्त आहे, पण जगाने तो प्रयोग करून पाहिला आहे. डेन्मार्कच्या फाने बेटावर १९१९ पासून किनाऱ्यावर मोटारी धावत. १९२४ साली ब्रिटिश चालक माल्कम कॅम्बेलच्या गाडीचा टायर निसटून एक मुलगा ठार झाला आणि त्या शर्यती संपल्या. त्याच वर्षी कॅम्बेलने वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवर ताशी १४६ मैलांचा विक्रम केला. १९२७ मध्ये तिथेच विक्रमवीर पॅरी-थॉमस मेला आणि त्याची गाडी वाळूतच पुरली गेली. अमेरिकेत डेटोनाच्या किनाऱ्यावर दोन दशके शर्यत चालली, पण आयोजकांनी स्वतःच स्पीडवे बांधून १९५९ साली वाळू सोडली. वाळू दर भरतीला नवी होते. कालचे वळण आज तिथे नसते, प्रेक्षक आणि गाडी यांच्यामध्ये भिंत उभारता येत नाही. भरती-ओहोटीमधला हा पट्टा सागरी किनारा नियमनाच्या अत्यंत संवेदनशील वर्गात मोडतो आणि कोळ्यांच्या होड्या त्याच पट्ट्यावर ओढल्या जातात. खास अलिबागची अशी आणखी एक अडचण आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे भूचुंबकीय वेध बिघडू नयेत यासाठी १९०४ साली अलिबागला वेधशाळा उभारली गेली. ती किनाऱ्याजवळ आहे आणि तिच्या मूळ इमारतींत लोखंड टाळलेले आहे. ज्या गावाची निवडच लोखंड आणि वीज दूर राहावी म्हणून झाली, तिथे मोटारींची जत्रा भरवणे फारच विसंगत ठरेल.

अलिबागकडून घ्यायचा तो नियमनाचा धडा. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडी शर्यती थांबल्या. त्या काळात शर्यती संपल्या का? ऑगस्ट २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या झरे गावी बंदी झुगारून झालेली शर्यत सर्वांच्या लक्षात आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्यकीय तपासणी आणि हजार मीटरांहून जास्त नसलेले अंतर, या चौकटीत शर्यत भरते. चौकट दरवेळी पाळली जाते असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही, पण ती मोडली तर कोणाला धरायचे हे तरी ठरलेले असते. बैल आणि मोटार यांची तुलना अर्धीच खरी आहे, हा आक्षेप मात्र बरोबर आहे. बैलाला शर्यतीला संमती देता येत नाही. मोटारचालक ती देतो, पण रस्त्यावरून चालणारा तिसरा माणूस देत नाही. म्हणून बैलाच्या बाबतीत वाद प्राण्याच्या वेदनेचा होता, मोटारीच्या बाबतीत तो कुंपणाचा आहे. कुंपणाच्या आतही धोका उरतोच. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत एक मुरलेला चालक मृत्युमुखी पडला. फरक एवढाच की तिथे डॉक्टर आणि रुग्णवाहिका हजर होते, त्या दिवसाची शर्यत थांबली आणि मोटार-क्रीडा महासंघाने चौकशी हाती घेतली.

जागेचा हिशेब मांडला तर रायगडचे नाव मागे पडते. किनाऱ्यालगत मोकळी दिसणारी जमीन बहुधा खाजण किंवा भातशेती आहे आणि उरलेलीचे भाव बंगल्यांनी ठरवले आहेत. इथे चार महिन्यांच्या पावसात डांबर कोरडे राहत नाही. त्यामुळे ट्रॅक घाटावरच व्हायला हवा, कमी पावसाच्या माळरानावर, शक्य तर शोलावरमप्रमाणे एखाद्या वापरात नसलेल्या धावपट्टीवर. डांबर आधीच असल्याने खर्चाचा मोठा भाग वाचतो आणि वस्ती दूर असल्याने आवाजाचा तंटाही कमी होतो. चाकणच्या कारखान्यांना, पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनी बनवलेल्या फॉर्म्युला गाड्यांना आणि घरची हॅचबॅक रिकामी करून रोल-केज बसवणाऱ्या हौशी माणसाला तो एकाच दिवसाच्या अंतरावर येईल. अलिबागच्या चालकाला तरीही गाडी ट्रेलरवर चढवून खोपोलीचा घाट चढावाच लागेल, पण चेन्नईच्या तुलनेत ते अंतर पहाटे निघून रात्री परतण्याइतके राहील.