धून आणि राग

गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी वडील लावण्या ऐकत. ख्यालाच्या घमेंडीत मी त्यांच्या कॅसेटी रद्दीत घातल्या. पुढे कुमार गंधर्वांचा अभ्यास करताना ते बोचू लागले. १९४८ मध्ये क्षयामुळे ते देवासला आले. गाण्याला मनाई होती, ऐकण्याला नव्हती. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्याची लोकगीते कानी येत. लोकधुनांमध्येच रागांचे बीज असते, हे त्यांनी तिथे हेरले. त्यांतून मालवती, संजारी असे ‘धुनउगम’ राग बांधले. १९६५ च्या ‘अनूपरागविलास’मध्ये ते भेटतात. शिवाय मूळ लोकगीतेही मैफलीत मांडली, हे मला अधिक मोलाचे वाटते. वडील आता नाहीत. जुन्या बाजारात मी त्याच लावण्या शोधतो. दोन कॅसेटी मिळाल्या, त्यांतली एक वाजते.