हिमालयातून हापूसच्या बागेत

युरोपातील आल्प्स पर्वतात, जपानच्या होक्काइदो बेटावर किंवा कॅनडाच्या पश्चिम भागात हिमवर्षाव सुरू झाला की तेथील स्कीइंगच्या पर्यटनस्थळांना एकाएकी हजारो हातांची गरज भासते. खोल्या आवरणारे, स्वयंपाकघरात राबणारे, भाड्याने साहित्य देणारे आणि पर्यटकांना डोंगरावर नेणारे पाळणे चालवणारे असे नाना प्रकारचे लोक चार-पाच महिन्यांसाठी कामावर घेतले जातात. बर्फ वितळले की ते आपापल्या घरी परततात. आपल्याकडील तरुणांनाही आता या हंगामी नोकऱ्यांचे आकर्षण वाटू लागले आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून १८ ते ३० वयोगटातील भारतीयांसाठी दरवर्षी १,००० ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा सोडत पद्धतीने देण्यास आरंभ केला. तेथील हिवाळा जूनमध्ये सुरू होतो आणि पेरिशर, थ्रेडबो यांसारख्या बर्फाळ ठिकाणी त्याच सुमारास माणसे घेतली जातात.

असा व्हिसा हाती आलेल्या मुलाचे वडील त्याला कोणते प्रश्न विचारतील? पगार किती, तो केव्हा मिळणार, राहण्याचे भाडे त्यातून किती कापणार, आजारी पडल्यास कोण पाहणार, आणि हे सारे कोठे लिहून दिले आहे का? प्रश्न रास्त आहेत. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला ते शिकवावे लागत नाहीत.

हेच प्रश्न रत्नागिरीच्या बागांमध्येही विचारण्याजोगे आहेत. कारण हिवाळ्यातील हंगामी रोजगाराची हीच कथा येथे दरवर्षी उलट्या दिशेने घडते. तेथे माणसे कामासाठी बर्फाकडे जातात. येथे बर्फाच्या मुलखातून माणसे कामासाठी कोकणात उतरतात. दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन आटोपते, आणि सुमारे त्याच दिवसांत नेपाळहून आलेले गडी हापूसच्या बागांमध्ये आपली वळकटी उतरवतात.

येतात कोण आणि का

यांतील बरेचसे लोक पश्चिम नेपाळच्या डोंगराळ आणि तराई भागातले. डोंगरात जमिनीचे तुकडे लहान, उतारावरचे. त्यांत पिकणारे धान्य वर्षभर पुरत नाही. आषाढात भाताची लावणी, दशैं आणि तिहार या सणांच्या आगेमागे कापणी, आणि मग थंडीचे रिकामे महिने. या महिन्यांत उतरणीला लागून भारतात येण्याची तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. सुदूर पश्चिम नेपाळात या प्रवासाला ‘कालापहाड’ला जाणे म्हणतात. शब्द डोंगराचा असला तरी त्याचा अर्थ मात्र परमुलखातली मजुरी हाच होऊन बसला आहे.

वाट लांबची आहे. गावापासून जीपने किंवा बसने खाली, बनबसा किंवा रुपैडिहासारख्या नाक्यावरून सीमा ओलांडून भारतात, तेथून रेल्वेने मुंबई आणि पुढे कोकण रेल्वेने रत्नागिरी. या प्रवासाला व्हिसा लागत नाही. ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात झालेल्या शांतता व मैत्री करारातील सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या देशात राहण्याची, फिरण्याची आणि व्यापार-उदीम करण्याची मुभा दिली. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या मुलाला सोडतीत नाव निघण्याची वाट पाहावी लागते. अछाम किंवा डोटीच्या मुलाला ओळखपत्र आणि तिकिटाचे पैसे पुरतात.

परंतु काम मिळते ते कोणत्या कागदावर? कोणत्याच नाही. पहिल्या वर्षी एखादा मामा, चुलता किंवा गावातला जाणता माणूस बरोबर घेऊन येतो. पुढच्या वर्षी बागायतदार त्याच जुन्या गड्याला दूरध्वनी करून सांगतो, की अमुक इतकी माणसे घेऊन ये. कधी प्रवासासाठी उचलही आधी पाठवली जाते. सारा व्यवहार तोंडी, ओळखीवर आणि शब्दावर चालतो. कोकणाला ही रीत परकी वाटू नये. मुंबईच्या गिरण्यांत गेलेला चाकरमानी याच वाटेने गेला होता: आधी गाववाल्याच्या खोलीवर उतरणे, त्याच्या शब्दावर कामाला लागणे आणि मनीऑर्डरने घरी पैसे पाठवणे. राजस्थान-गुजरातेतून दिसावराला निघालेल्या व्यापारी कुटुंबांच्या पूर्वजांनाही पहिला आसरा आप्ताच्या दुकानाच्या ओसरीनेच दिला.

सहा महिन्यांची राखण

हापूसच्या बागेतील काम फळ उतरवण्यापुरते नसते. पावसानंतर झाडाला नवी पालवी येते, थंडी पडली की मोहोर फुटतो, आणि तेव्हापासून बागेत माणूस लागतो. मोहोरावर तुडतुडे, भुरी आणि करपा यांचे सावट असते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे फवारण्या कराव्या लागतात. जड नळ्या ओढत कातळावरून झाडाझाडापाशी जाणे हे कष्टाचे काम. फळ धरू लागले की वानरे आणि माकडे येतात. दिवसभर आरडाओरडा करून, गलोल घेऊन त्यांच्यामागे धावावे लागते. फळ तयार होऊ लागले की चोरांचे भय, म्हणून रात्रीची गस्त. गवत वाळल्यावर वणव्याची धास्ती, म्हणून बागेभोवतीची साफसफाई. मार्चपासून मे अखेरपर्यंत काढणी. झेल्याने फळ देठासह अलगद उतरवावे लागते, कारण देठ तुटून चीक सालीवर ओघळला की डाग पडतो आणि डागी फळाचा भाव उतरतो. त्यानंतर प्रतवारी, पेंढ्यात रचून पेटी भरणे आणि गाडीत चढवणे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. वाशीच्या बाजारात पेटी उघडणारा ग्राहक रत्नागिरीचे नाव पाहून पैसे मोजतो. त्या नावामागे कातळाची जमीन आहे, खारे वारे आहेत, बागायतदाराची पिढीजात जाण आहे. आणि त्या पेटीत मोहोरापासून फळाला जपणाऱ्या, अर्धे वर्ष बागेतल्या खोपटात काढणाऱ्या माणसाची झोपही आहे. बाग स्वतःची असो वा करारावर घेतलेली, त्याच्यावाचून हंगाम उभा राहत नाही.

हंगामअखेरचा आकडा

या नात्यातील खरी कसोटी मे महिन्याच्या शेवटी लागते. गडी महिन्याला पगार क्वचितच मागतो. जवळ रोकड ठेवणे त्याला धोक्याचे वाटते, म्हणून तो ती मालकाकडेच राहू देतो. किराणा, औषध आणि दूरध्वनीचा खर्च मध्येच उचल म्हणून घेतला जातो. सहा महिन्यांनी दोघे समोरासमोर बसतात तेव्हा एकाच्या हाती वही असते आणि दुसऱ्याच्या हाती केवळ स्मरण.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहावा. पगार महिना १५,००० रुपये ठरला. सहा महिन्यांचे झाले ९०,०००. येताना प्रवासासाठी उचल १०,०००; हंगामात किराणा व इतर खर्चाची उचल १२,०००. देणे राहिले ६८,०००. भारताचा एक रुपया म्हणजे नेपाळचा १.६० रुपया हा दर १९९३ पासून स्थिर आहे. त्या हिशेबाने ही रक्कम गावी १,०८,८०० नेपाळी रुपये होते. आता कल्पना करावी, की उचलीच्या दोन नोंदी चुकून दोनदा धरल्या गेल्या, किंवा ‘या वर्षी पीक कमी आले’ म्हणून पाच हजार कापले गेले. बागेच्या उलाढालीत पाच हजार कोठे दिसणारही नाहीत. गड्याच्या घरी मात्र ते आठ हजार होऊन कमी पडतात, आणि त्यांतच कदाचित मुलीच्या शाळेचे किंवा बियाण्याचे पैसे असतात.

पीक कमी येते हे खोटे नाही. अवकाळी पाऊस मोहोर झोडपतो, आणि मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने काढणीच्या ऐन दिवसांत कोकणाला तडाखा दिला. परंतु नफ्यात ज्याचा वाटा ठरलेला नाही, त्याच्यावर तोट्याचा वाटा टाकता येत नाही, हे व्यापारातले साधे सूत्र आहे. पगार ठरला असेल तर तो पगार आहे. भागीदारी ठरली असेल तर ती आरंभीच तशी बोलली गेली पाहिजे.

उपाय कठीण नाही, आणि तो व्यापारी घरांत आधीपासून आहे. प्रत्येक गड्याच्या नावे एक छोटी वही करावी. वहीची जोड प्रत त्याच्याजवळ असावी. ठरलेला पगार, येण्याची तारीख आणि प्रत्येक उचल दोन्ही वह्यांत त्याच दिवशी लिहावी आणि सही किंवा अंगठा घ्यावा. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहिली जाते. तेव्हा अक्षरओळख असलेल्या गड्याला मराठी वहीतील नावे व आकडे सहज वाचता येतात. ही सोय ऑस्ट्रेलियात गेलेल्या आपल्या मुलाला मिळणारी नाही.

पैसा घरी पोहोचतो तोवर

हिशेब चुकता झाला तरी काम संपत नाही. साठ-सत्तर हजारांची रोकड कमरेला बांधून तीन-चार दिवसांचा प्रवास करणे ही मोठी जोखीम आहे. गाडीत गुंगीचे पदार्थ देऊन लुबाडण्याचे, नाक्यावर अडवून पैसे उकळण्याचे प्रकार या वाटेवर जुनेच आहेत. नोटांचे नियमही बेभरवशाचे ठरले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा नेपाळमधील कित्येक घरांत जपून ठेवलेली भारतातील कमाई कागद होऊन पडली. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने १०० रुपयांहून मोठ्या भारतीय नोटांच्या वापरावर बंदी घातली.

याला सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने २००८ साली भारत-नेपाळ रेमिटन्स सुविधा योजना सुरू केली. तिच्याद्वारे एनईएफटीची सोय असलेल्या बँक शाखेतून नेपाळला रक्कम पाठवता येते. भारतीय स्टेट बँक आणि नेपाळ एसबीआय बँक यांच्यामार्फत ती तेथे नेपाळी रुपयांत मिळते. ऑक्टोबर २०२१ पासून खात्यातून पाठवावयाच्या रकमेची मर्यादा एका वेळी ५०,००० वरून २ लाख रुपये करण्यात आली. खाते नसलेल्यास ओळखपत्र दाखवून रोखीने पाठवता येते. तेथे मर्यादा एका वेळी ५०,००० रुपयांची आणि वर्षात १२ वेळांची आहे. वरील उदाहरणातील ६८,००० रुपये रोखीने दोन हप्त्यांत पाठवता येतील.

अडचण असते ती अर्जाची, भाषेची आणि काउंटरपाशी उभे राहण्याच्या संकोचाची. शहरात बँकेचे व्यवहार रोज करणाऱ्या मालकाने किंवा त्याच्या मुलाने एकदा सोबत जाऊन अर्ज भरून दिला, तर पुढील वर्षी गडी आपला आपण जातो. त्याहून उत्तम म्हणजे सारी रक्कम मे अखेरीस न पाठवता दर महिन्याला थोडी थोडी पाठवावी. घरखर्च वेळेवर भागतो, गावी सावकाराचे व्याज चढत नाही आणि हंगामअखेरचा वादही उरत नाही.

बागेतले धोके

फवारणी करणाऱ्याला मास्क, हातमोजे, नंतर अंग धुण्यास साबण आणि पुरेसे पाणी मिळाले पाहिजे. औषधाचा रिकामा डबा पिण्याच्या पाण्यासाठी वापरला जाणार नाही हे पाहिले पाहिजे. रत्नागिरीच्या कातळावर फुरशांचे प्रमाण मोठे. रात्री गस्त घालणाऱ्याला चांगली विजेरी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट हवेत. साप चावल्यास कोणत्या रुग्णालयात न्यावयाचे आणि गाडी कोणाची, हे आधी ठरलेले असावे. झाडावरून पडण्याची भीती कायम असते. अपघात विम्याचा हप्ता पेट्यांच्या खर्चापुढे किरकोळ ठरतो. ओळखपत्राची प्रत आणि गावच्या नातेवाइकाचा क्रमांक मालकाजवळ असावा, पोलीस ठाण्यात नोंद करावी. ती नोंद बागेच्या सुरक्षिततेसाठी असतेच. पण परमुलखात माणसाला काही झाले तर त्याच्या घरी कळवण्याचीही तीच सोय असते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, नेपाळनेही आपली सीमा बंद केली आणि घराकडे निघालेले अनेक नेपाळी कामगार नाक्यांवर अडकून पडले. ज्यांचा पगार चुकता झालेला होता आणि ज्यांच्या मालकाने ‘वाट मोकळी होईतो येथेच राहा’ म्हटले, त्यांचे हाल तुलनेने कमी झाले. अशा वेळी शब्दावर चालणाऱ्या व्यवहाराची किंमत कळते.

वाढत्या शिक्षणाबरोबर नेपाळी तरुणांपुढे आता आखाती देश आणि मलेशिया असे पर्यायही खुले आहेत. कोकणच्या बागेत येणे ही त्यांची निवड आहे, आणि ती दरवर्षी नव्याने केली जाते. परदेशातील हॉटेलमालक हंगामी माणूस टिकवण्यासाठी लेखी करार देतो, ठरल्या दिवशी पगार देतो, राहण्याची सोय करतो. हापूसच्या बागायतदाराला आणि करारदार व्यापाऱ्याला याहून वेगळे काही करावयाचे नाही. दिवाळीला उघडलेल्या नव्या वहीत दुकानाची, बागेची आणि उधारीची खाती असतातच. त्यांत गड्याच्या नावाचे एक पान घालावे, आणि मे अखेरीस त्या पानावर ‘बाकी काही नाही’ असे दोघांच्या सहीने लिहावे. कार्तिकात तो पुन्हा येईल की नाही, याचे उत्तर बहुधा त्याच पानावर मिळते.