चर्चला कुलूप, धर्मग्राम चालू: मोबाईल नसलेल्या घरापर्यंत कसं पोहोचायचं?

अहिल्यानगर (तेव्हाचं अहमदनगर) : 2021 च्या ऑगस्टमध्ये दुकानांची वेळ वाढली होती, हॉटेलं उघडली होती, लग्नंही लागत होती. मंदिर, मशीद, चर्च मात्र भाविकांसाठी तेव्हा बंदच होती. त्या वर्षीचा ईस्टर 4 एप्रिलला मोजक्या माणसांत झाला आणि दुसऱ्याच दिवशी, 5 एप्रिलच्या रात्री आठपासून, 'ब्रेक द चेन'चे निर्बंध लागू झाले. 2020 च्या मार्चमध्ये लागलेलं कुलूप 16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी निघालं होतं. ते निघून पाच महिने होत नाहीत तोच पुन्हा लागलं.

तेव्हा सप्टेंबर तोंडावर आला होता. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला 1949 पासून मतमाउलीची यात्रा भरते. जिल्ह्यातूनच नाही, तर राज्यभरातून माणूस येतो आणि त्यात सगळ्या जातीधर्माचे लोक असतात. 2021 मध्ये ही यात्रा सलग दुसऱ्या वर्षी बंदीच्या काळात आली. पंढरीच्या पादुका दोन वर्षं एसटीने गेल्या, तसंच हे. वाईट सगळ्यांनाच वाटलं. पण चर्च बंद असताना धर्मग्राम, म्हणजे त्या चर्चशी जोडलेली शे-दोनशे घरं, एकमेकांना धरून कशी राहणार, हा खरा प्रश्न होता. त्याबद्दल गावागावात गैरसमजही बरेच होते.

पहिला गैरसमज असा की चर्च बंद म्हणजे मिस्सा बंद. तसं नाही. बंद होती ती लोकांची गर्दी. आपल्या धर्मग्रामातल्या लोकांसाठी दर रविवारी आणि मोठ्या सणाला मिस्सा अर्पण करणं हे प्रमुख धर्मगुरूंवर कॅथलिक चर्चच्या कायद्यानेच बंधनकारक आहे. समोर बाकडी रिकामी असली तरी फादर वेदीवर उभे राहतात आणि ती मिस्सा तुमच्याच नावाने होते. दुसरं, रविवार चुकला म्हणून जुनी माणसं जीव खातात, 'पाप लागलं' म्हणतात. त्याच कायद्यात लिहिलंय की धर्मगुरू नसतील किंवा दुसरं गंभीर कारण असेल आणि मिस्सेला जाता येत नसेल, तर घरात कुटुंबाने मिळून प्रार्थना करावी. साथीपेक्षा गंभीर कारण आणखी कोणतं? आजीला हे समजावून सांगा. तिला फार हलकं वाटेल.

मग मोबाईलवरची मिस्सा. पवित्र आठवड्याच्या तोंडावर, 25 मार्च 2020 ला, व्हॅटिकनने सूचना काढल्या. त्यात प्रक्षेपण थेट असावं, रेकॉर्ड केलेलं नको, असं सुचवलं होतं. कारण सरळ आहे. वेदीवर जे चाललंय त्याच वेळेला तुम्ही घरात प्रार्थनेला बसलेले असता, म्हणून ते जोडलं जाणं. दुपारी जेवताना सकाळचा व्हिडिओ लावला तर ते बघणं झालं, भक्ती नाही झाली. थेट मिस्सेच्या वेळीसुद्धा खाटेवर लोळत, मधेच आलेला फोन घेत बघण्यात अर्थ नाही. एका ताटात मेणबत्ती, क्रूस आणि शुभवर्तमान ठेवा, घरातले सगळे एका ठिकाणी बसा, उभं राहायच्या जागी उभे राहा. ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही त्या क्षणी 'प्रभू, तू माझ्या अंतःकरणात ये' अशी मनापासून विनवणी करायची. यालाच आध्यात्मिक ख्रिस्तप्रसाद म्हणतात. ही काही कोरोनात काढलेली पळवाट नाही, चर्चमध्ये शेकडो वर्षांपासून ही रीत आहे.

हे झालं ज्यांच्याकडे रेंज आहे त्यांचं. आपल्याकडे तेव्हा वस्तीवर चार घरांत एक स्मार्टफोन, तो पोराच्या ऑनलाइन शाळेला, आणि रविवारी सकाळी नेमकी लाइट गेलेली असायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आमेन' आणि हात जोडलेले अंगठे ढीगभर येतात, पण त्या ग्रुपवर नसलेल्या घरांचं काय? माझं स्पष्ट मत आहे की धर्मग्राम तुटतं ते याच ठिकाणी. मिस्सा दिसली नाही म्हणून कोणी तुटत नाही. महिनाभर कोणी विचारलंच नाही म्हणून माणूस तुटतो. मळ्यात एकटी राहणारी म्हातारी, ऊसतोडीवरून आजारी परतलेलं कुटुंब, दुसऱ्या लाटेत कर्ता माणूस गेलेलं घर. ही घरं स्वतःहून फोन करत नाहीत.

त्यावरचा उपाय साधा आहे आणि त्याला फक्त बटणाचा फोन लागतो. फादरांकडे कुटुंबांची नोंदवही असते. वस्तीप्रमाणे घरं वाटून घ्यायची, एका माणसाकडे आठ-दहाच्या वर नाहीत. ठरलेल्या वारी फोन करायचा. फोन नसेल तिथे दारातून, मास्क लावून, अंगणात उभं राहून विचारायचं. प्रश्नही ठरलेले हवेत : कोणी आजारी आहे का, किराणा आहे का, लस झाली का, मिस्सेत कोणाचं नाव घ्यायचंय का. उत्तरं त्याच संध्याकाळी फादरांना किंवा सिस्टरना कळवायची. शेवटचा प्रश्न विसरू नका. आपल्या मयताचं नाव वेदीवर घेतलं गेलं एवढं कळलं तरी घर सावरतं. या कामाला तरुण मंडळाची पोरं चांगली, पण प्रत्येकाबरोबर एखादी जाणती बाई असावी. दुःखाच्या घरी काय बोलायचं ते तिला कळतं.

आपल्या जिल्ह्याला हे नवीनही नाही. पूर्वी एका फादरकडे कितीतरी गावं असायची. घोड्यावर, बैलगाडीत फिरून ते एका गावाला कधीतरीच पोहोचायचे. मधल्या रविवारी प्रार्थना घ्यायचे ते गावचे मास्तर. शाळाही तेच चालवायचे, आजाऱ्याकडेही तेच जायचे. 1903 साली राहुरी तालुक्यातल्या केंदळ इथून फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केलं. नावातच काम आलं : निरोप पोहोचवणारा. जिथे फादर पोहोचत नव्हते तिथे ते छापील पान पोहोचायचं, वाचता येणारा एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. हे मासिक आजही पुण्याहून निघतं. पुढे पहिलं महायुद्ध लागलं आणि इंग्रज सरकारने जर्मन लोकांना नजरकैदेत टाकलं. त्यांची मोठी छावणी नगरलाच होती. जर्मन येशूसंघीयांना इथली मिशनं सोडावी लागली. एवढं होऊनही उपासना टिकली ती घराघरातली प्रार्थना आणि मास्तरांच्या जोरावर.

संस्कारांबाबत मात्र मोबाईल चालत नाही, हे नीट समजून घ्या. फोनवर पापनिवेदन होत नाही, व्हिडिओ कॉलवरही नाही. फादर भेटणं शक्यच नसेल तर देवावरच्या प्रेमातून खरा पश्चात्ताप करावा आणि संधी मिळताच पापनिवेदन करायचं मनाशी पक्कं ठरवावं. अशा पश्चात्तापाने क्षमा मिळते, असं चर्चची शिकवण सांगते. व्हॅटिकनने मार्च 2020 मध्ये याची पुन्हा आठवण करून दिली होती. घरात कोणी गंभीर असेल तर रुग्णाभ्यंगासाठी फादरांना लवकर कळवा. 'त्यांना कशाला धोक्यात घालायचं' म्हणून शेवटच्या घटकेपर्यंत थांबू नका. येता येईल की नाही, कशी काळजी घ्यायची, ते फादर आणि डॉक्टर ठरवतील. नवजात बाळाच्या जिवाला धोका असेल आणि फादर पोहोचू शकत नसतील, तर कोणीही, अगदी नर्ससुद्धा, बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून 'मी तुला पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते' असं म्हणू शकते. तो बाप्तिस्मा पूर्ण धरला जातो.

2021 मध्ये अंत्यविधीला 20 माणसांची मर्यादा होती. अशा वेळी बाकीच्यांनी ठरलेल्या वेळी आपापल्या घरी जपमाळ म्हणावी, आणि नवव्या दिवशी कोणी ना कोणी त्या घरी फोन करावा.

मतमाउलीचं म्हणाल तर बंदीच्या काळात नोव्हेना घरी करा. वस्तीवरच्या दहा घरांनी एकाच वेळी आपापल्या ओट्यावर जपमाळ धरली तर आवाज एकमेकांना ऐकू जातो, गर्दीही होत नाही. बंदी असताना नवस फेडायला गुपचूप हरेगावला जाऊ नका. नवस पुढच्या वर्षीही फेडता येतो. आणि यात्रेच्या नावाने किंवा 'फादर दवाखान्यात आहेत, पैसे पाठवा' असा मेसेज क्यूआर कोडसह आला तर आधी चर्चच्या नेहमीच्या नंबरवर फोन करून खात्री करा, मगच पैसे टाका.

एक काम बरीच मंडळी विसरतात. बंदीच्या काळात घरी किंवा दवाखान्यात झालेला बाप्तिस्मा आणि झालेला मृत्यू यांची नोंद चर्चच्या रजिस्टरला करून घ्यायची असते. बाप्तिस्मा कोणी दिला, तारीख, ठिकाण, आईवडिलांची नावं आणि हजर असलेल्या एका साक्षीदाराचं नाव कागदावर लिहून आत्ताच जपून ठेवा. वीस-पंचवीस वर्षांनी त्या लेकराच्या लग्नाच्या वेळी फादर पहिल्यांदा तोच दाखला मागतील.