खोकला, शिंक आणि वुजू

दिघ्याच्या चढावरच्या वस्तीत हंडा उचलताना, शिंकताना, सजद्यात जाताना लघवीचे थेंब गळतात. पण भगिनी हे कुणाला सांगत नाहीत. वुजू टिकत नाही म्हणून काहीजणी तरावीह सोडतात. आम्हाला सांगायचे आहे की बाळंतपणाने किंवा वयाने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, त्यातून हा आजार होतो आणि त्याला इलाज आहे.

आधी ३ महिने व्यायाम. लघवी रोखताना आवळतात तेच स्नायू ८ वेळा आवळून सोडायचे, दिवसातून ३ वेळा. गुण न आल्यास शस्त्रक्रिया. १९६१ पासूनच्या बर्च पद्धतीत मूत्राशयाच्या तोंडाजवळचा भाग टाक्यांनी वर बांधतात. स्लिंगमध्ये मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवतात. ती स्वतःच्या पोटाच्या आवरणाची किंवा कृत्रिम जाळीची असते. दुष्परिणामांमुळे ब्रिटनने २०१८ मध्ये जाळीचा वापर थांबवला. म्हणून पट्टी कसली, धोके कोणते, हे विचारूनच संमती द्यावी. पुढे मूल हवे असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.

ऐरोलीचे राजमाता जिजाऊ रुग्णालय जवळच आहे; तिथे स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. नमाजच्या पूर्ण वेळेत वुजू टिकतच नसेल तर शरीअतमध्ये माजूरला सवलत आहे, आलिमांना विचारावे. पण सवलत आहे म्हणून इलाज टाळू नये.